केसभर फरक

एकोणीस वर्षं मी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
छापील कागद तपासते.
रंग केसभर सरकला, कड जराशी तुटली,
की पान बाद.
माझ्या हातून चुकीचा आकडा
कधी दाराबाहेर गेलेला नाही.

अंगात मात्र तेवढीच वर्षं
चुकीचाच आकडा.

चाळीस बी.
मेन रोडवरच्या दुकानदाराने तो दिला मला,
काउंटरपलीकडून, टेप न लावता,
कलिंगड पारखावं तसा नुसत्या नजरेने.
"वहिनी, यापुढचं आपल्याकडे येत नाही."
येत नाही म्हणजे बनतच नाही, असं मी समजले.
बनत नाही म्हणजे माझंच काहीतरी जास्त झालंय.
त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून दिली,
वर काळी पिशवी,
पिशवीला गाठ.

मग पट्टे आवळत गेले.
विहिरीच्या काठाला दोराने पडतात
तसे खांद्यांना चर पडले.
हूक पाठीवर चढत चढत मानेकडे निघाला.
मे महिन्यात खाली घामोळं, पावडरचा लेप.
सिडकोतला डॉक्टर म्हणाला, वजन उतरवा.
नवऱ्याने मानेचा पट्टा आणून दिला,
चांगला माणूस आहे, त्याला काय माहीत
पट्टा बदलायचाय तो कुठला.
बस सुटत असली तरी मी धावत नाही.
डबा छातीशी धरून, भरभर चालल्यासारखं करते.

शरणपूर रोडला शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे,
त्याच्या वर लाकडी जिन्याने गेलं की एस्तेरबाई साळवे.
चष्म्याला दोरा, गळ्यात टेप,
भिंतीवर गेल्या वर्षीचं चर्चचं कॅलेंडर.
पडदा ओढला त्यांनी. "ब्लाउज काढ.
माप कपड्याचं नाही घ्यायचं, बाईचं घ्यायचं."
मी पोट आत ओढलं.
"सोड श्वास. टेपला फसवून
कुणाला काय मिळालंय?"

खाली छत्तीस. वर त्रेचाळीस.
"छत्तीस एफ."
मला हसूच आलं. एबीसीडी इतकी पुढे जाते?
"त्याच्याही पुढे जाते. दुकानं थांबतात."

पहिली टोचली. दुसरीत मी मावले नाही.
तिसरी त्यांनीच नाकारली, लांबूनच मान हलवून.
चौथीला म्हणाल्या, "वाक. सगळं आत घे.
बगलेतलंही घे, तेही तुझंच आहे.
आणि ऐक, भार खांद्यांनी नाही उचलायचा.
भार हा खालचा घेर उचलतो, पाठीकडून.
खांद्यांनी नुसती सोबत करायची."

रंग भिजवलेल्या बदामाचा. नक्षी नाही,
लेस नाही, बाजूला दोन काड्या.
आरशात छाती आणि पोट यांच्यामध्ये
एक जागा दिसली
जी थोरलीच्या बाळंतपणानंतर मला भेटली नव्हती.
मी तिथे हात ठेवून जरा वेळ उभी राहिले.
एस्तेरबाई बिल लिहीत होत्या, वर बघितलं नाही त्यांनी.

गॅस सिलिंडरएवढी किंमत.
दोन घेतल्या.
जिना उतरताना सवयीने हात आडवा धरला
आणि तिसऱ्या पायरीवर लक्षात आलं,
धरायला काही हलतच नाहीये.

घरी कुणाच्या लक्षात आलं नाही.
धाकटी एवढंच म्हणाली, आज चिडली नाहीस तू.

सोमवारी पहिल्या पाळीला
शेजारच्या टेबलावर यमुना बेंडकुळेने
पदराआडून अंगठा घातला,
पट्टा उचलला, क्षणभर धरला, सोडला.
एका तासात चार वेळा.
माझे डोळे चूक शोधायलाच पगार घेतात.

हातातलं पान मी बाजूला ठेवलं.
यमुना, शनिवारी काय करतेस?