भाळ

कणकुंबीच्या वर, चोर्ल्याकडे तोंड करून
ड्रोनचे चार पाय कातळावर टेकवले.
मोबाईल म्हणाला : वारा ताशी अकरा, आकाश निरभ्र.
सांबऱ्याच्या विमानतळाभोवतीचं लाल वर्तुळ
कधीच मागं राहिलेलं.
जंगलाची हद्द कुठं सुरू होते
ते नकाशाला नीट ठाऊक नव्हतं, मला तर नाहीच.

निपाणीचं जोडपं गाडीत, काचा वर करून.
तिचा सात मीटरचा तांबडा झगा
काठावर पसरायचा, आणि मी वरून
एका दमात सगळी दरी दाखवायची, असं ठरलेलं.
ॲडव्हान्स पाच हजार.

नियम एकशेवीस मीटरचा. जमिनीपासून.
पण इथं जमीन सरळ नसते गा.
काठावरून हातभर पुढं गेलं
की ती चारशे मीटर खाली पडते
आणि पडद्यावरचा आकडा तसाच : वीस.
निष्पाप.
कुणापासून वीस? माझ्या बुटांपासून.

तेवढ्यात गोव्याच्या बाजूनं धुकं चढू लागलं,
दोन-दोन पायऱ्या गाळत.
एक घार खालून वर आली, पंख न हलवता थांबली
आणि कुणी ढकलावं तशी बाजूला गेली.
घार. जिला परवाना लागत नाही.

फॉरेस्टचा वॉचर बसाप्पा
काठीनं चपलेचा चिखल खरवडत आला.
माझा हात उगीच पिशवीत गेला.
त्यानं आधी वर बघितलं.
“गाळी भाळ ऐत्री.”

पस्तीस वर्षं खानापुरात काढल्यावर
एवढं कन्नड कळतं मला : वारा फार आहे, साहेब.
पण त्या वेळी मराठीतच ऐकू आलं, भाळ,
आणि हात पिशवीतून कपाळावर गेला.
टोपीखालचा घाम केव्हाच वाळलेला.
दोन्ही भुवया गार.
वारा समोरून.
मोबाईलच्या हिशोबानं तो पाठीमागं होता.

“कागद?” बसाप्पानं मग विचारलं.
कागद नव्हताच.

पंखे मिटले. बॅटऱ्या स्वेटरच्या आत
सकाळपासून ऊब देऊन ठेवलेल्या, तशाच राहिल्या.
नवरी उतरली आणि झगा कारवीत अडकला,
आम्ही तिघं वाकून तो सोडवत बसलो,
नवरा गाडीतूनच ॲडव्हान्सचं विचारत होता.

रात्री वही उघडली.
उड्डाणं : शून्य.
उंची : रेघ.
वाऱ्याच्या रकान्यात आकडा सुचेना.
लिहिलं, भाळभर.