केडी

विश्रामबागेत, होस्टेलच्या फरशीवर
दोन चाकांचं माझं पोरगं
आज सतराव्यांदा नाकावर पडलं.

केपी वाढवला की थरथरतं,
तोंडी परीक्षेला उभ्या माझ्यासारखं.
कमी केला तर सावकाश कलतं,
पडायचंच ठरवून आल्यागत.
केआय जुन्या चुका मोजत बसतो,
मग सगळ्या एकदम आठवून
भिंतीवर जाऊन धडकतो.

मुल्ला सर म्हणाले, पोल डावीकडं हवेत.
वहीत आहेत, सर.
फरशीवर नाहीत.

रविवारी डबा घेऊन मार्केट यार्डात गेले.
अप्पा मापाडी. काट्यावर पोतं,
वरून सुपातनं हळकुंडं सोडत होते.
काटा पन्नासाकडं पळत सुटलेला,
अठ्ठेचाळिसालाच त्यांनी हात आखडला.
काटा हलला, डुलला,
पन्नासावर येऊन बसला.

"अजून पोचला नव्हता की," मी म्हटलं.
"पोचल्यावर हात आवरून काय करू?
कुठं आहे ते बघू नगं,
किती जोरात निघालाय ते बघ.
आणि कालवण आज कुणी केलंय? मीठ नाही."

रात्री परत बसले. नखांत पिवळं तसंच.
केडी : शून्य पॉइंट आठ.
सोडलं.

पांघरुणातून कोष्टी म्हणाली, "पडलं का गं?"
"बोलू नको."

उभं आहे.
बॅटरीवर माझ्या बोटांचे दोन पिवळे ठसे,
आणि उभ्या उभ्याच
इंचाइंचानं कपाटाकडं सरकतंय.

हे का होतं
ते अप्पांना ठाऊक असेल असं वाटत नाही.