रेंजचा दगड

शुक्रवारी पाचलाच वारजे सोडलं.
पवनेला मागच्या खेपेला रात्रभर स्पीकर,
मुळशीला कुणाच्या तरी मेव्हण्याचा वाढदिवस,
म्हणून या वेळी पानशेतच्या पुढे,
डांबर संपतं तिथून आणखी थोडं.
शाल्मलीच्या मांडीवर पेन्सिलीनं काढलेला नकाशा,
आणि मी गाडीतही हळू बोलत होतो,
शांतता बिचकेल म्हणून.

सापडली जागा. खाली पाणी, वर गवताचा माळ,
मधोमध एक दगड, बसून बसून गुळगुळीत झालेला.
कोण बसतं, हे तेव्हाच विचारायला हवं होतं.

तंबूची शेवटची खुंटी ठोकतोय
तर बॅटरीचा ठिपका चढावरून डुलत आला.
धाऊ मरगळे. रामराम झाला.
"चालू द्या तुमचं," म्हणाले,
आणि दगडावर चढून ओरडले,
"हॅलो! जेवलास का?"

वाडीत रेंज फक्त इथंच येते.

मग एकेक येत गेले.
कुणाचा पोरगा चाकणला रात्रपाळीत,
कुणाचा नातू कात्रजच्या मेसमध्ये पोळ्या लाटतो.
म्हैस व्याली, खोकला कसाय, दोनशे तरी पाठव,
सगळं धरणापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात.
शाल्मलीनं चहा टाकला.
कप दोनच होते, ते फिरत राहिले.

साडेनऊला शेवटची म्हातारी दगडावरून उतरली,
काही न बोलता.

त्यानंतर खरंच काही नव्हतं.
पाण्याचासुद्धा आवाज नाही.
आम्ही दोघं टक्क जागे,
कान दगडाकडे.
तिच्या हडपसरच्या लेकीनं
फोन उचलला नव्हता.