रस्त्याखालचं पाणी

शहर हे शंभर-शंभर मीटरच्या चौकोनांचं,
पाटीवर फुटपट्टी धरून आखल्यासारखं.
त्यात एकच हमरस्ता वाकडा जातो
विया क्रेस्पोच्या कडेनं,
थोडा डावीकडे, मग विचार बदलून उजवीकडे,
आंधळ्या बापाचा हात धरून मुलगा चालावा तसा.
बाप खाली आहे. माल्दोनादो.
ओढा होता, आता नळ आहे,
माझ्या जन्माआधी सिमेंटखाली घातलेला.

लोक म्हणतात, पुलाखालून बरंच पाणी वाहून गेलं.
आमच्याकडे पूल गेले.
पाणी आहे.
कुठंतरी पाणी मुरतंय असं इथं कुणी म्हणत नाही,
सगळ्यांना ठाऊक आहे कुठं.

वडील पोरवयातच चामड्याच्या कारखान्यात लागले.
सांगायचे, ओढा उघडा होता तेव्हा
वार पाण्यावरून कळायचा:
सोमवारी तांबडं, बुधवारी काळं.
रविवारी रंग नाही, म्हणून रविवारी पोरं उतरत
आणि आया काठावरून शिव्या देत
गालिसियाच्या, जेनोवाच्या, बेसारेबियाच्या, इझमिरच्या.
पोरांना चारही भाषा कळत.
ती पाचवीत गप्प राहत.

शाळेत शिकवलं, नदीच्या नावाचा अर्थ चांदी.
रंग मात्र उकळून उकळून गेलेल्या चहाचा.
आग्नेयेचा वारा सुटला की ती फुगते
आणि ओढ्याचं तोंड दाबून धरते.
वरून पाऊस, पुढं वाट बंद,
ओढा करील काय?
मागे फिरतो. जुन्या घरी येतो,
मोरीतून, अंगणातल्या जाळीतून,
चपला न काढता थेट बिछान्यापर्यंत.

मी एलिसेओ. लोहार.
आडनाव पास्सालाक्वा, म्हणजे पाणी ओलांडणारा.
हसा.
चाळीस वर्षं या गल्ल्यांच्या दारांना
पुराच्या फळ्या बसवल्या:
गुडघ्याएवढं लोखंड, दोन्हीकडे खाचा, कडेला रबर.
आभाळ काळवंडलं की फळी खाचेत
आणि आपण आत, कान लावून.

पंच्याऐंशीच्या मे महिन्यात पाणी फळीवरून आलं.
फोर्तुनाता बेहार, शिवणकाम करायची,
टेबलावर मशीन, मशीनवर मांजर,
स्वतः खुर्चीत उभी.
मला पाहून ओरडली,
एलिसेओ, तुझा हात आखडताच!
ओसरल्यावर तिनं भिंतीवर
कापडावरच्या खडूनं रेघ ओढली.
खडू पुसला जाईल म्हणून
दुसऱ्या दिवशी तीच रेघ कात्रीच्या टोकानं कोरली.

तिचं घर आता एका तरुण जोडप्यानं घेतलंय.
नवे बोगदे झालेत, म्हणाले, आता पूर येत नाही,
या लोखंडी खाचा वाईट दिसतात, काढाल का?
पैसे चांगले देत होते.
काढल्या.
पहारीबरोबर थोडा गिलावा निघाला, रंगाचे चार थर,
आणि खाली ती रेघ,
माझ्या मांडीशी.

मुलीनं बोट फिरवलं रेघेवरून.
कुणाच्या मुलाची उंची मोजलीय का हो ही?
हो, म्हणालो.
वाढतं पोर होतं.
आता कुठं असतो तो?

मी हत्यारं पिशवीत भरली, रबराचा तुकडा खिशात घातला.
इथंच, म्हणालो.
खाली.