शिवण

प्लमर-बोदूच्या माळावर, जिथं परवापरवापर्यंत
गाईंना नावानं हाका मारायचे,
तिथं एक पांढरा फुगा उभा राहिला,
चर्चच्या मनोऱ्याहून उंच. पोटात कोंडलेली हवा,
आणि त्या हवेत एक कान:
धातूचा, शिंगाच्या घाटाचा,
आभाळात हवा तिकडे वळवता येणारा.
लोहार म्हणाला, एवढा मोठा कान कुणाला लागतो?
बहिऱ्याला.

सोआझिगला बोलावलं ते शिवणी बघायला.
बापाकडून शिडं शिवायची विद्या आलेली,
तळहाताला चामड्याची पट्टी, दातांत मेणाचा दोरा.
पगार सार्डिनच्या कारखान्याहून बरा, किंचित.
काम एवढंच: रोज सकाळी फुग्याभोवती चालायचं,
गाल कापडाजवळ नेऊन.
जिथं कोमट श्वास लागेल
तिथं खडूनं खूण.
त्यासाठी यंत्रं होती. पण साहेबांचा
तिच्या गालावर जास्त भरवसा.

पॅरिसचा रेमी दास्तिए, वय सत्तावीस, नखं कुरतडणारा,
तिच्याकडे माळ्यावर भाड्यानं राहायचा.
कुट्टूच्या पिठाचं धिरडं खाताखाता सांगायचा,
एक गोळा सोडणार आहेत वर,
तुमच्या सायडरच्या पिंपाएवढा.
वीसेक मिनिटं आपल्या डोक्यावर असेल,
तेवढ्यात अमेरिकेनं फेकलेलं चित्र झेलेल
आणि आपल्या कानात टाकेल.
ती म्हणाली, कानात? चित्र?
तो हसला. मग विचारात पडला.
धिरडं गार झालं.

बासष्टचा जुलै. मध्यरात्र उलटून पाऊण तास.
पडद्यावर आधी नुसत्या मुंग्या,
मग मुंग्यांत काहीतरी फडफडलं, झेंडा निघाला.
मग एक माणूस, त्या तिथे बसलेला, आत्ता,
ओठ हलवत.
लोक एकमेकांच्या गळ्यात पडले, कुणाचा तरी चष्मा फुटला,
रेमी रडत होता आणि नाक पुसायला त्याला
तारांच्या नकाशाशिवाय काही सापडेना.

सोआझिग दाराशी उभी, हात खडूनं पांढरे.
तिनं विचारलं, हे त्या बाजूनं आलं ना?
न्यूफाउंडलंडच्या अंगानं?
हो, हो, तिकडूनच.
मग वाटेत समुद्र दिसला का?

कुणी उत्तर दिलं नाही.
प्रश्नच चुकीचा होता;
चित्र पाण्याला शिवलंच नव्हतं.

छत्तीस साली फांश त्या पाण्यावर कॉड धरायला गेला,
सात महिन्यांच्या बोलीवर.
जहाजावर रेडिओ नव्हता.
मालकाचं म्हणणं, त्या पैशात मीठ येतं.
धुक्यात त्याची होडी जहाजापासून सुटली,
जहाजानं घंटा वाजवली, शिंग फुंकलं, तीन दिवस.
तोही ओरडला असेलच.
ओरडला नसेल असा तो माणूस नव्हता,
गाईसुद्धा दचकायच्या त्याच्या आवाजाला.
होडीचं शिड तिनंच शिवलं होतं. दुहेरी टाक्यानं.

फेब्रुवारीत गोळा मुका झाला.
रेमी म्हणाला, किरणांनी आतून करपला बिचारा.
पडला का?
छे, पडतोय कसला. अडीच तासांत एक फेरी,
तुमच्या-माझ्यानंतरही चालू राहील.
बोलत मात्र नाही?
नाही.
पण येतो?
येतो.
तिनं मान हलवली, बाजारात
भाव पटल्यावर हलवतात तशी,
आणि त्याच्या ताटात आणखी एक धिरडं टाकलं,
न विचारता.

दुसऱ्या दिवशी वारा वायव्येचा, बोचरा.
माळावर गवत एका अंगाला निजलेलं.
ती निघाली, गाल कापडाशी,
एक शिवण, दुसरी, तिसरी.
समुद्राकडच्या बाजूला, कानाच्या जरा वर,
कोमट श्वास लागला.

खडू हातात होता.
खूण तिनं जरा वेळानं केली.