दोन हात

शब्बाथ सरला. बेटावरच्या आभाळात तीन तारे मोजून झाले
आणि वडिलांनी कमरेचा पट्टा सोडला.
शब्बाथला ओझं वाहायचं नाही,
म्हणून देवळाची किल्लीच पट्ट्याचा आकडा करून घेतलेली.
चाळीस वर्षं तिचा गंज सदऱ्यावर उमटत राहिला.
आई लिंबाने घासायची. निघायचा नाही.

मी पुढे सरकलो. थोरला मी.
धाकटा मार्सेयला, फोनवर उरलेला.

वडिलांनी हाक मारली ख्मूसला.

घाण्यावरच्या हुआतोचा पोरका मुलगा.
पहाटे सगळ्यांच्या आधी येऊन चटया अंथरणारा,
दिव्यांच्या काचांतले मेलेले किडे
फुंकून काढणारा.
हिब्रू त्याचं माझ्याहून कच्चं.
त्याच्या उच्चारांना मी हसलोय, चारचौघांत.

दर उन्हाळ्यात वडील तीच गोष्ट शिकवायचे:
तो म्हातारा पुढारी, ज्याला पलीकडचा देश
नुसता डोंगरावरून दाखवला गेला.
त्याला सांगणं होतं, चेल्याच्या डोक्यावर हात ठेव.
एक हात.
त्याने दोन्ही ठेवले.
का रे, मुलांनो?

मीच आधी ओरडायचो: मन मोठं म्हणून!
वडील मान हलवायचे.
हो म्हणून की नाही म्हणून, कळायचं नाही.

त्या म्हाताऱ्यालाही मुलगे होते. दोन.
त्यांचं काय झालं, हे वर्गात कुणी विचारलं नाही.
मीही नाही.

आता ख्मूस वाकून उभा,
मानेवर तेलाचा वास.
वडिलांचा उजवा हात त्याच्या डोक्यावर टेकला.
डावा अर्ध्यावर राहिला, लटपटत,
जरासा माझ्याकडे वळला.
झटका आल्यापासून तो कुठेही वळतो,
त्याचं मनावर घ्यायचं नसतं.

मी घेतलं.
क्षणभर, अख्खा घेतला तो हात मनावर.
मग कोपराखाली तळवा लावून उचलला
आणि ठेवला ख्मूसच्या केसांवर, उजव्याशेजारी.
जड होता. भिजलेल्या चटईसारखा.

त्या डोंगराच्या पायथ्यालाही
कुणीतरी बाजूला उभं असेल.
लिहिणाऱ्याने तिकडे पाहिलं नसेल.

लोक पांगले. बुखाचा घोट घेऊन कुणी खोकलं.
ख्मूसच्या कमरेला पट्टा ढिला, किल्ली मांडीवर आपटत होती.
म्हटलं, सोमवारी ये दुकानात.
चांदी ठोकायची आरी आहे माझ्याकडे,
एक भोक पाडून देतो.