दुसरी खाच

उथळसरच्या बोळात वाकरूळकरांचं दुकान,
पाटीवर अजून ‘कुलुपं, सुऱ्या, कात्र्या’.
एलायजाकाकांनी चाकू लगेच उघडला नाही,
तळहातावर नुसता जोखला.
मग कानाशी धरून उघडला, मिटला.
“कमान अजून बोलते.”

भिंगाखाली पात्याचं मूळ.
शेफील्डमधलं नुसतं ‘फील्ड’ उरलेलं.
“पातं विलायती. मूठ मात्र इथली,
म्हशीचं शिंग. खिळे बघ,
एकाचं डोकं दुसऱ्यासारखं नाही.”
“वय किती असेल?”
“कुणाचं? पात्याची शंभरी उलटली.
मुठीची साठी असेल, फार तर.”

चाकू पालथा केला, आणि काका थांबले.

नखाची खाच एकाच अंगाला असते,
कारखान्यात ठोकलेली.
इथे दुसऱ्या अंगालाही एक होती,
कानशीने काढलेली, वाकडी, घाईची.
“ही घरी केलेली.
मालक डावखुरा होता?”

नाही, म्हटलं मी.
दादा उजव्याच हाताने लिहायचे,
रेशनच्या वहीत, बँकेत, माझ्या प्रगतिपुस्तकावर,
इतकं दाबून
की सही मागच्या पानावर उमटायची.
मास्तरांच्या पट्टीची गोष्ट
त्यांनी एकदाच सांगितली होती, हसत.

काका काही बोलले नाहीत.
सांध्यात तेलाचा थेंब सोडला,
फडक्याने पुसलं.

कोपरीच्या घरी, मागच्या ओट्यावर
दादा पेरू कापायचे
आमच्याकडे पाठ करून.
फोडी
खांद्यावरून मागे यायच्या.